थरथरत्या हवेत गुरूचा फोटो: आठ इंची दुर्बीण, गच्ची आणि लॅपटॉप

आयपीसमधला गुरू उकळत्या पातेल्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलू लागला, की 'आज सीइंग खराब', म्हणजे हवा अस्थिर, म्हणून दुर्बिणीला झाकण लावलं जातं. पण ही थरथर नेमकी कुठे होतेय ते पाहिलं, तर बऱ्याचदा ती दहा किलोमीटर वर नसते. ती पायाखालच्या स्लॅबवर, शेजारच्या पत्र्यावर आणि दुर्बिणीच्या नळीतच असते. वरच्या हवेपुढे इलाज नाही. खालच्या हवेचा बंदोबस्त करता येतो, आणि तो केल्यावर जी थरथर उरते तिच्यातून चांगल्या फ्रेम वेचून काढता येतात.

आकडे देताना एकच संच धरला आहे: आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या फिरत्या पायावरची आरशाची दुर्बीण (२०३ मिमी आरसा, १२०० मिमी फोकल लेंथ, एफ/६, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या सहापट), २ एक्स बार्लो (फोकल लेंथ दुप्पट करणारं भिंग) आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत ग्रहीय कॅमेरा, म्हणजे एएसआय ६६२एमसी किंवा त्याच जातीचा दुसरा. दुर्बीण सहा इंची असली तरी रीत हीच.

कधी आणि किती उंचीवर

ग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असतो तेव्हा डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून दिसतो. शिवाय हवा प्रिझमसारखी वागते. ३० अंशांवर निळा आणि लाल रंग एकमेकांपासून सुमारे अडीच आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात, ६० अंशांवर हेच अंतर पाऊण-एक आर्कसेकंदावर येतं. आठ इंची आरशाची विभेदनक्षमता, म्हणजे त्याला वेगळा दाखवता येणारा सगळ्यात बारीक तपशील, ०.५७ आर्कसेकंद आहे, त्यामुळे अडीच आर्कसेकंदांचा हा गोंधळ किती मोठा ते कळतं. म्हणून ५० अंशांच्या खाली रेकॉर्डिंग करायचंच नाही.

इथे महाराष्ट्र नशीबवान आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही सिंह राशीच्या परिसरात, काही दिवसांच्या अंतराने प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, येतात (मंगळ १९ तारखेला) आणि पुण्याहून जवळजवळ डोक्यावरून जातात. रात्री दहाच्या सुमारास गुरू ५० अंश उंची गाठेल आणि पाऊण ते एकच्या दरम्यान माथ्यावर येईल. ४ ऑक्टोबर २०२६ च्या प्रतियुतीतला शनीही इथून सत्तर अंशांच्या वर चढतो. त्यामुळे एडीसी, म्हणजे वातावरणाने फाकवलेले रंग परत जुळवणारं प्रिझमचं उपकरण, इथल्या माणसाने आत्ताच विकत घ्यायची गरज नाही. लंडनला राहणाऱ्याला मात्र तोच शनी जेमतेम चाळीस अंशांवर मिळणार, त्याने ते जरूर घ्यावं.

डोक्यावरच्या ग्रहाची एक अडचण आहे. डॉबसोनियनचा पाया उभ्या अक्षाभोवती फिरतो, आणि नळी सरळ वर रोखली की ग्रहामागे जायला पाया गरगर फिरवावा लागतो. ७५ अंशांच्या पुढे हे काम हाताबाहेर जातं. म्हणजे प्रतियुतीच्या दिवसांत गुरूसाठी कामाची वेळ साधारण दहा ते पावणेबारा, आणि मग माथा ओलांडून तो पश्चिमेला उतरू लागला की दुसरी पाळी. ही दुसरी पाळी बहुतेकदा सरस ठरते, कारण तोवर गच्ची निवलेली असते.

थरथर कुठली आहे ते ओळखा

ग्रहाच्या शेजारचा एखादा ठळक तारा घ्या. फेब्रुवारी २०२७ मध्ये मघा सोयीचा आहे. २०० पट वर्धन ठेवा आणि ताऱ्याची फुगलेली चकती दिसेपर्यंत फोकस बिघडवा. आता मिनिटभर नुसतं बघत राहा.

चकतीवरून बारीक रेघा एकाच दिशेने झपाट्याने वाहत असतील तर ते वरचे वारे. विंडीसारख्या ॲपमध्ये २५० हेक्टोपास्कलचा (सुमारे दहा किलोमीटर उंचीवरचा) थर लावला की खात्री पटते. तिथला वारा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर असेल तर त्या रात्री बारीक तपशिलाची आशा सोडावी. थंडीत उत्तरेकडून आलेल्या कोरड्या हवेने आकाश आरशासारखं स्वच्छ झालेलं असतं आणि तारे लखलख लुकलुकतात, तेव्हा हमखास फसगत होते. उलट किंचित धुरकट, वारा पडलेली, तारे मंद पण स्थिर अशी रात्र ग्रहांना फार मानवते. गुरूला प्रकाशाची वाण नसते, त्यामुळे धुरक्याने त्याचं फारसं बिघडत नाही.

चकती संथपणे, दिशा नसल्यासारखी डचमळत असेल तर दोष जवळचा आहे: स्लॅब, पत्रे, एसीचं बाहेरचं यंत्र. आणि चकतीच्या एका कडेला उदबत्तीच्या धुरासारखा लोट रेंगाळत असेल, नळी फिरवली तरी नळीच्या वरच्या बाजूलाच चिकटून राहत असेल, तर ती नळीतली गरम हवा. हा लोट कसा दिसतो ते एकदा मुद्दाम पाहून ठेवावं. नळीच्या तोंडासमोर, खालच्या कडेला तळहात धरा. हाताच्या उबेने उठणारी हवा चकतीवर स्पष्ट दिसते. एवढीशी ऊब एवढा गोंधळ घालते हे दिसलं की नळीसमोर कोणाला उभं राहू देऊ नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

गच्ची

दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत राहतो. खाली मातीचं अंगण किंवा गवत मिळत असेल आणि तिथून ग्रह दिसत असेल, तर गच्चीचा मोह सोडावा. गच्चीच वापरायची असेल तर उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारतात तसं सूर्य मावळता मावळता मारा. दुर्बिणीभोवती आठ-दहा फुटांपर्यंत पुरे. ते पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे तास-दोन तास थांबा. रेकॉर्डिंगच्या ऐन वेळी पाणी मारलं तर दमट हवा आणि दव पदरी पडतं, फायदा काही होत नाही.

ग्रहाची दिशा कुठल्या छपरावरून जाते तेही पाहा. शेजारचा सिमेंटचा पत्रा, काळी पाण्याची टाकी, बेकरीचं धुराडं आणि एसीची यंत्रं टाळायची. त्यासाठी गच्चीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दुर्बीण नेणं एवढंही कधीकधी पुरतं. गॅलरीतून, त्यातही मागचा दरवाजा उघडा ठेवून, घेतलेल्या व्हिडिओला अर्थ नाही, कारण खोलीतली सगळी गरम हवा नळीसमोरूनच बाहेर पडत असते. लॅपटॉप नळीच्या तोंडापासून लांब आणि खालच्या पातळीवर असू द्या.

आरसा निववणं आणि कोलिमेशन

आठ इंची आरसा जाड काचेचा असतो. खोलीतून बाहेर आणल्यावर त्याला बाहेरच्या तापमानाशी जुळायला तास-दीड तास लागतो. पुण्या-नाशिककडे थंडीत तापमान रात्रभर उतरतच असतं, त्यामुळे आरसा सतत मागे पडतो आणि नुसतं थांबून भागत नाही. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा ८० किंवा १२० मिमी पंखा आरशाच्या मागे बसवा आणि रेकॉर्डिंग चालू असतानाही सुरू ठेवा. पंखा स्क्रूने घट्ट बसवला तर त्याची कंपनं चित्रात उतरतात, म्हणून तो चार रबरबँडवर टांगलेला बरा. कोकणात आणि गोव्यात याच्या जोडीला दवाचा त्रास. योगा मॅटचा तुकडा गुंडाळून नळीच्या तोंडाला फूटभर लांबीचं नळकांडं करा, दुसरा छोटा आरसा बराच वेळ कोरडा राहील.

कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं, दर वेळी, दुर्बीण जागेवर ठेवल्यानंतर तपासायचं. घरात जुळवलं आणि जिन्यातून वर नेलं, एवढ्यानेही ते हलतं. ध्रुवतारा स्थिर असल्याने अनेक मार्गदर्शिका तो वापरायला सांगतात, पण पुण्याहून तो १८-१९ अंशांवरच आहे, गच्चीवरच्या सगळ्या उकळीतून दिसणारा. त्यापेक्षा उंचावरचा तारा घ्या आणि तो सरकला की पुन्हा मध्यावर आणा. तारा दृश्यक्षेत्राच्या मध्याबाहेर असताना केलेलं कोलिमेशन चुकीचं ठरतं.

प्रतिमा मोठी करण्याचा हव्यास

एफ/संख्या ही पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या पाचपट ठेवावी, असा अंगठेनियम आहे. २.९ मायक्रॉनला तो एफ/१४.५ देतो, पण हा हिशेब चांगल्या हवेचा. खराब हवेत तीन ते चारपट पुरे, म्हणजे एफ/९ ते एफ/१२. आपल्या संचात २ एक्स बार्लोने एफ/१२ मिळतो आणि तिथेच थांबायचं. ३ एक्स किंवा ५ एक्स लावलं की प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो, एक्स्पोजर लांबवावं लागतं, आणि लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये थरथर पुसट होऊन बसते. हातात येतो तो फक्त मोठा, मऊ गोळा.

२४०० मिमी फोकल लेंथला एका पिक्सेलमध्ये ०.२५ आर्कसेकंद बसतात. ४५ आर्कसेकंदांचा गुरू १८० पिक्सेलचा होतो. पडद्यावर तो बारका दिसतो आणि मन खट्टू होतं, पण तपशील तेवढ्यातच असतो.

मोठ्या आरशाबद्दलही हेच. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये एक सूत्र मांडलं: छोट्या एक्स्पोजरची एखादी फ्रेम योगायोगाने जवळजवळ निर्दोष येण्याची शक्यता आरशाचा व्यास आणि हवेतल्या सलग, न विस्कटलेल्या पट्ट्याचा आकार यांच्या प्रमाणावर ठरते. हा पट्टा ५ सेंटिमीटरचा असेल, आणि शहरी गच्चीवर तसा असणं नवलाचं नाही, तर २० सेंटिमीटरच्या आरशाला शेकडा पंचेचाळीस फ्रेम चांगल्या मिळतात, ३० सेंटिमीटरच्या आरशाला जेमतेम दोन. पट्टा ३ सेंटिमीटरवर आला की आठ इंचीलाही शेकडा अर्धीच फ्रेम उरते. बारा इंची घेऊन हळहळणारे आणि सहा इंचीवर खूश असलेले लोक एकाच इमारतीत का असतात, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप, दोन्ही चालतात. फाइल एसईआर या न दाबलेल्या व्हिडिओच्या प्रकारात, ८ बिट, डिबेअर न करता, म्हणजे रंग नंतर काढता येतील अशी कच्चीच. कॅमेऱ्यापुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर हवाच. या कॅमेऱ्यांची पुढची काच अवरक्त किरण अडवत नाही, आणि फिल्टर नसेल तर रंगही बिघडतात आणि कडाही मऊ पडतात.

एक्स्पोजर आधी ठरवा, गेन (सेन्सरचा संकेत वाढवण्याचं प्रमाण) नंतर. गुरूसाठी ५ ते ८ मिलिसेकंद, मंगळासाठी ३ ते ५, शनी अंधुक असल्याने १५ ते २०. हवा जितकी वाईट तितकं एक्स्पोजर छोटं. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ५० ते ७० टक्क्यांवर येईपर्यंत गेन वाढवा. एएसआय बनवणाऱ्या झेडडब्ल्यूओच्या कॅमेऱ्यात तो ३०० ते ३५० च्या आसपास जातो. पडद्यावर चित्र वाळूसारखं खरखरीत दिसेल. घाबरू नका, हजारभर फ्रेम एकावर एक चढल्या की ती खरखर जाते. हलून पुसट झालेला तपशील मात्र कशानेच परत येत नाही.

मागोवा घेणारी मोटर असेल तर चौकट ६४० × ४८० ठेवा. सेकंदाला १०० फ्रेमने दोन मिनिटांत १२,००० फ्रेम आणि सुमारे ३.७ जीबीची फाइल होते. लॅपटॉपमध्ये एसएसडी नसेल तर मधल्या फ्रेम गळतात. खालच्या कोपऱ्यात गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, त्यावर लक्ष असू द्या.

व्हिडिओ किती लांब चालेल हे ग्रहाच्या फिरण्यावर ठरतं. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे त्याच्या मध्यावरचा ठिपका मिनिटाला पाव आर्कसेकंद सरकतो. दोन-अडीच मिनिटांनी तो आरशाच्या विभेदनक्षमतेएवढा हलतो. शनीला चार-पाच मिनिटं, मंगळाला आठ-दहा. त्याहून लांब हवं असेल तर अनेक छोटे व्हिडिओ घेऊन विनज्युपोस या सॉफ्टवेअरमध्ये फिरकी काढून टाकता येते, पण सुरुवातीला या फंदात पडू नये.

फोकस हा खराब रात्रीचा सगळ्यात अवघड भाग. चकती सतत फुगते-आकसते, त्यामुळे 'आता लागला' असं वाटतं आणि पुढच्या क्षणी निसटतं. उपाय असा: फोकसच्या चकरीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावा. चिमट्याचं टोक बोटाने ढकललं की चकरी केसभर फिरते आणि दुर्बीणही कमी हलते. गेन वाढवून गुरूचा एखादा उपग्रह पडद्यावर आणा, कारण पट्ट्यांपेक्षा ठिपका फसवायला अवघड. चिमटा एका बाजूला उपग्रह नक्की बिघडेपर्यंत न्या, मग दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्यावर सोडा. प्रत्येक जागी किमान दहा सेकंद बघायचं. आणि प्रत्येक व्हिडिओनंतर फोकस पुन्हा लावायचा, कारण तो चुकलेला असू शकतो आणि थरथरत्या पडद्यावर ते कळत नाही. पाच व्हिडिओंत पाच वेगळे फोकस असतील तर एक तरी बरोबर निघतो.

मंगळासाठी आणि गुरूच्या पट्ट्यांसाठी ६८५ नॅनोमीटरचा आयआर-पास (फक्त अवरक्त किरण आत सोडणारा) फिल्टर जवळ असेल तर यूव्ही-आयआर कट काढून तो लावून पाहा. लांब तरंगलांबीला हवेचा त्रास कमी होतो. चित्र कृष्णधवल येतं आणि गुरूवरच्या निळसर तपशिलाला मुकावं लागतं, पण वाईट रात्री हाच व्हिडिओ सगळ्यात तीक्ष्ण निघतो.

मोटर नसेल तर

कॅमेरा असा फिरवा की ग्रह चौकटीच्या लांब बाजूने सरकेल. १९२० पिक्सेल रुंद आणि ४०० उंच चौकट घ्या. ही रुंदी ४७८ आर्कसेकंदांची, आणि गुरू सेकंदाला साडेचौदा आर्कसेकंद सरकतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला जवळजवळ अर्धं मिनिट. ग्रह चौकटीच्या जरा बाहेर, ज्या बाजूने आत येणार त्या बाजूला ठेवा, हात काढा, तीन सेकंद दुर्बीण शांत होऊ द्या, रेकॉर्डिंग सुरू करा. ७ मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ग्रह अर्धा पिक्सेलही सरकत नाही, त्यामुळे पुसटपणाची भीती नाही. शनीच्या २० मिलिसेकंदांत एक पिक्सेल जातो, तेही चालून जातं. तीन मिनिटांत असे चार फेरे होतात. ते पीआयपीपी या सॉफ्टवेअरच्या जॉइन मोडमध्ये जोडायचे, ग्रह मध्यावर आणून ३०० × ३०० ला कापायचे. मोटरवाल्याच्या एका व्हिडिओच्या तोडीची सामग्री तयार.

मोबाइलवर करायचं असेल तर १० मिमी आयपीस, फोन धरणारा क्लॅम्प, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक, आणि पट्टे दिसेपर्यंत उजेड कमी. फोन व्हिडिओ दाबून साठवतो, त्यामुळे बारीक तपशील हरवतो. पट्टे आणि चार उपग्रह मिळाले तर तेवढ्यावर समाधान मानावं.

वेचणं आणि तीक्ष्ण करणं

ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम वेचून एकावर एक चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅनेट पर्याय निवडा, दर्जा मोजण्यासाठी लाप्लास, आणि नॉइज रोबस्टचा आकडा ४ वरून ६ किंवा ८ करा. खरखरीत, हलत्या फ्रेममध्ये लहान आकड्याला खरखरच तपशील वाटते. ॲनलाइज झाल्यावर आलेख नीट बघा. रेषा सुरुवातीलाच कोसळत असेल तर चांगल्या फ्रेम थोड्या आहेत, पहिल्या १० टक्क्यांवर थांबा. संथ उतरत असेल तर २५-३० टक्के घ्या. मात्र हजार फ्रेमच्या खाली गेलात तर तीक्ष्ण करताना खरखर वर येते. अलाइनमेंटचे चौकोन मोठे ठेवा, १८० पिक्सेलच्या गुरूला ६४ ते १००. लहान चौकोनांत हवेचीच थरथर पकडली जाते आणि ग्रहाची कड दातेरी होते. ड्रिझल (चित्र मोठं करण्याचा पर्याय) बंद.

वेव्हलेटसाठी, म्हणजे थराथराने चित्र तीक्ष्ण करण्यासाठी, रेजिस्टॅक्स किंवा ॲस्ट्रोसरफेस. चांगल्या रात्रीच्या चित्रात पहिला, सगळ्यात बारीक तपशिलाचा थर ओढतात. खराब रात्रीच्या चित्रात त्या थरात खरखरीशिवाय काही नसतं, म्हणून तो जवळजवळ तसाच ठेवा आणि दुसरा-तिसरा हळूहळू वाढवा. थांबायचं कुठे, ते ग्रहाची कड सांगते. गुरूच्या कडेला पांढरी किनार उमटली, किंवा मंगळाच्या उजळ कडेच्या आत गडद कमान दिसू लागली, की दोन पावलं मागे या. ती कमान मंगळावर नाही, प्रक्रियेतून आली आहे. शेवटी चित्र ७०-७५ टक्क्यांवर लहान करा. मूळ आकारात मऊ वाटणारे पट्टे घट्ट दिसू लागतात.

एखादा नवाच ठिपका किंवा पट्ट्यातला वळसा दिसला तर लगेच खूश होऊ नका. दहा मिनिटांनी घेतलेला दुसरा व्हिडिओ त्याच मापांनी प्रक्रिया करून शेजारी ठेवा. खरा तपशील तिथेही असेल, आणि फिरकीच्या हिशेबाने सुमारे सहा अंश पुढे सरकलेला असेल. सरकला नसेल तर कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ आधी तपासा.